स्किझोफ्रेनिया: फाइलीवर नक्की काय लिहायचं?

माझ्या धाकट्या भावाची फाइल आमच्या घरात तिजोरीत असते, सातबारा आणि विम्याच्या कागदांच्या खाली. निळी, बटणाची प्लॅस्टिकची फाइल. बारा वर्षांचे कागद आहेत तिच्यात. पहिल्या पाच वर्षांत चार दवाखाने झाले आणि चार ठिकाणी चार नावं पडली, आधी नुसतं 'सायकोसिस' म्हणजे भास-भ्रमांचा आजार, मग 'बायपोलर' म्हणजे उन्माद-उदासीच्या चढउताराचा आजार आणि पुढं प्रश्नचिन्ह, मग लाल पेननं 'परानॉइड', म्हणजे संशयाचा, 'स्किझोफ्रेनिया', आणि शेवटच्या डिस्चार्ज कार्डावर तर फक्त 'एफ २०'. हे एफ २० काय असतं ते कुणी सांगितलं नाही, आईला कित्येक दिवस वाटत होतं तो कॉटचा नंबर असेल, तो स्किझोफ्रेनियाचाच कोड आहे हे पुढं कळलं. चारही नावं त्या त्या दिवशी बरोबर असतीलही, मी डॉक्टर नाही, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे. पण त्या पोराला नक्की काय होतंय, किती दिवस होतंय, त्यातलं औषधानं काय कमी झालं आणि काय तसंच राहिलं, हे चार ओळींत एकाही कागदावर नव्हतं. माझं सगळं म्हणणं एवढ्याचसाठी आहे.

सुरुवात झाली तेव्हा तो एकवीस वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. रोज पहाटे तालमीत जाणारं पोरगं अचानक जायचं बंद झालं. विचारलं तर म्हणाला, मी मनात बोलतो ते तिथल्या पोरांना ऐकू जातंय. मग टीव्हीचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं, मग आईनं वाढलेल्या ताटातला पहिला घास तिलाच खायला लावायचा. गल्लीत आधी 'जरा खुळ्यागत करालाय' आणि मग सरळ 'खुळा'. आमच्या कोल्हापुरात हा शब्द लाडानंही वापरतात, ए खुळ्या इकडं ये, त्यामुळं तो कधी लाडाचा राहिला नाही हे आम्हाला कळलंच नाही. आत्या म्हणाली बाहेरचं आहे. नरसोबाच्या वाडीला पाच पौर्णिमा केल्या, नारळ उतरवले, एका देवऋषाकडनं अंगारा आणला. आठ महिने यात गेले. मी आत्याला दोष देत नाही, तिला जे माहीत होतं ते तिनं जीव लावून केलं, पण उपचाराविना जितके महिने जातात तितकं पुढं सावरणं जड जातं, आणि ते आठ महिने मला अजून झोपू देत नाहीत. आज निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तरी आहे, तो २०२२ साली सुरू झाला, तेव्हा तेही नव्हतं.

देवाधर्माचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण आपल्याकडं इथं दोन्ही बाजूंनी घोळ होतो. माझ्या चुलतीच्या अंगात येतं. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर, ढोल वाजायला लागला, गुलाल उधळला, चांगभलंचा गजर झाला की ती घुमते, आणि अर्ध्या तासानं तीच चुलती झाडाखाली बसून सगळ्यांना भाकरी-पिठलं वाढत असते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही जे त्या समाजात, त्या श्रद्धेत सगळ्यांना मान्य आहे ते लक्षण म्हणून धरत नाहीत. भावाचं वेगळं होतं. त्याला ना यात्रा लागत होती ना ढोल, त्याचं म्हणणं घरातल्या एकालाही पटत नव्हतं, ते चोवीस तास त्याच्या मागं होतं, आणि त्यात त्याची झोप, जेवण, कॉलेज सगळं गेलं. हा फरक नुसता बघून कळत नाही, बसून विचारावं लागतं. जो डॉक्टर विचारणार नाही तो चुलतीलाही गोळ्या देईल, आणि जो देवऋषी विचारणार नाही तो भावाला साखळीनं बांधेल. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आता विचारणं म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या तिन्ही ठिकाणी त्याला विचारलं होतं, "कानात आवाज येतात का?" तो नाही म्हणायचा. खोटं बोलत नव्हता, त्याच्या लेखी ते 'आवाज' नव्हतेच, ती माणसं होती आणि ती खरोखर बोलत होती. चौथ्या डॉक्टरांनी, त्या बाई होत्या, वयानं मोठ्या, त्यांनी खुर्ची जरा बाजूला घेतली आणि म्हणाल्या, "तुझ्याबद्दल बोलणारे एक आहेत की दोघं-तिघं? तुला उद्देशून बोलतात, का आपापसात? तू जेवायला बसलास की 'आता हा जेवायला बसला' असं कोणी म्हणतं का रे?" माझा भाऊ त्या खोलीत आल्यापासून फरशीकडं बघत होता, त्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, "तुमाला कसं कळलं?"

ते मला आयुष्यभर विसरता येणार नाही. आठ महिने देवळात आणि चार वर्षं दवाखान्यात गेल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं की कुणाला तरी माहीत आहे.

त्या बाईंनी जे विचारलं ते त्यांच्या मनचं नव्हतं. कुर्ट श्नायडर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी अशा लक्षणांची एक यादी केली होती, आपापसात वाद घालणारे आवाज, आपल्या हालचालींची कॉमेंट्री करणारे आवाज, आपले विचार दुसऱ्याला ऐकू जाणं, दुसऱ्याचे विचार आपल्या डोक्यात घातले जाणं, आपले हातपाय कुणी दुसरंच चालवतंय असं वाटणं. कित्येक वर्षं ही यादी म्हणजे स्किझोफ्रेनियाची खूण असं मानत. पुढं लक्षात आलं की हीच लक्षणं बायपोलरमध्येही दिसतात, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ साली आपली निकषांची पाचवी आवृत्ती काढली त्यात या यादीचं खास वजन काढून टाकलं. म्हणजे प्रश्न उपयोगाचे राहिले पण त्यांच्या उत्तरावरून एकदम नाव ठोकणं चुकीचं ठरलं. मला वाटतं या आजाराचा अख्खा इतिहास असाच आहे, नाव आधी पक्कं वाटतं आणि मग माणसं त्यात बसत नाहीत.

नावाचीच गोष्ट घ्या. एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरनं १८९० च्या दशकात 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' असा कप्पा केला, म्हणजे लहान वयात लागणारा बुद्धीचा ऱ्हास, आणि तो मॅनिक-डिप्रेसिव्ह, म्हणजे आज ज्याला बायपोलर म्हणतात त्या आजारापासून वेगळा काढला, कशावरून तर पुढं पेशंटचं काय होतं यावरून, हा वाईटाकडं जातो आणि तो सावरतो. मग स्वित्झर्लंडचे ऑयगन ब्लॉयलर म्हणाले की सगळेच काही वाईटाकडं जात नाहीत आणि सगळ्यांना लहान वयातही होत नाही, म्हणून त्यांनी १९०८ साली स्किझोफ्रेनिया हा नवा शब्द आणला. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना, वागणं यांना बांधणारा धागा सैल होतो. आपण त्याचं छिन्नमनस्कता केलं, आणि लोकांनी अर्थ लावला एका माणसात दोन माणसं. ते वेगळंच काहीतरी आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. भावाच्या कॉलेजातल्या एका मास्तरांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "दुसरा जो आहे तो रागीट आहे का?"

आणि तो लाल पेनचा 'परानॉइड'. परानॉइड, हेबेफ्रेनिक, कॅटॅटॉनिक, असे उपप्रकार शंभर वर्षं चालले. २०१३ च्या अमेरिकन आवृत्तीत ते काढले, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं अकरावं वर्गीकरण, आयसीडी-११, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं त्यातही ते नाहीत. कारण साधं आहे, तोच पेशंट आज एका प्रकारात बसायचा आणि तीन वर्षांनी दुसऱ्यात, आणि प्रकार कळल्यानं औषध कोणतं द्यायचं ते काही ठरत नव्हतं. त्याऐवजी आता सहा गोष्टी वेगवेगळ्या मोजून लिहायची सोय आहे, भास-भ्रम, मग नकारात्मक लक्षणं म्हणजे बोलणं-इच्छा-भावना आटणं, उदासी, उन्मादाकडं जाणारी लक्षणं, हालचालीतले बदल, आणि लक्ष-स्मरण वगैरे. प्रत्येक किती आहे ते लिहायचं. शिवाय हा पहिलाच झटका आहे, का परत परत येतोय, का सतत चालूच आहे, आणि सध्या लक्षणं आहेत, थोडी शमलीत, का पूर्ण शमलीत, हेही लिहिता येतं. पूर्ण शमलीत असं अधिकृतपणे लिहायला जागा आहे, हे मी वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. भावाच्या बारा वर्षांच्या कागदांत ही नोंद कुठंच नाही, जरी मधली अडीच वर्षं त्याला एकही आवाज ऐकू आला नव्हता.

आमच्या फाउंड्रीत कास्टिंग खराब निघालं की त्यावर नुसतं 'रिजेक्ट' लिहिणाऱ्याला सुपरवायझर उभं करतो. ब्लो होल म्हणजे वायूचं भोक आहे का, श्रिंकेज म्हणजे धातू आकसून झालेली पोकळी आहे, वाळू पडलीय, का धातू थंड पडून जोड लागलेला नाही, ते लिहावं लागतं, कारण ब्लो होल असेल तर वाळूतला ओलावा बघायचा आणि श्रिंकेज असेल तर रायझर, म्हणजे साच्यातला जादा धातूचा साठा, बघायचा. रिजेक्ट या शब्दानं भट्टीवरच्या माणसाला काहीच कळत नाही. माणूस म्हणजे कास्टिंग नव्हे, आणि त्याला रिजेक्ट तर मुळीच म्हणायचं नाही, पण जी शिस्त आम्ही लोखंडाला लावतो तेवढी तरी माणसाच्या कागदाला मिळावी असं मला मनापासून वाटतं.

याचा खराखुरा फटका आम्हाला नकारात्मक लक्षणांत बसला. आवाज थांबले, भीती गेली, आणि मग तो नुसता बसून राहायला लागला. दारातल्या कट्ट्यावर सकाळी सातला बसायचा, आईनं दिलेला चहा हातात तसाच, वर साय धरायची. हाक मारली की दोन क्षणांनी मान वळायची, चेहऱ्यावर काही नाही. शेजारचे म्हणायचे आळशी झालाय, बाबा म्हणायचे फुकट खायची सवय लागली, आणि त्या वेळच्या दवाखान्यात म्हणाले आजार वाढतोय, डोस वाढवू. वाढवला. तो अजून दगडासारखा झाला. मग त्या चौथ्या बाईंनी काय केलं, त्याचा कोपर एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं मनगट हळूहळू खालीवर केलं, आणि मला म्हणाल्या, "इथं हात ठेवा." हात सरळ हलत नव्हता, दातेरी चाक फिरावं तसा कट-कट-कट असा अडकत वाकत होता. म्हणाल्या, "हा आजार नाही, हा हॅलोपेरिडॉलचा परिणाम आहे." हॅलोपेरिडॉल म्हणजे त्याला चालू असलेलं भास-भ्रमांवरचं औषध. डोस कमी केला, पुढं औषध बदललं. तीन आठवड्यांनी चहा गरम असतानाच संपायला लागला. सगळंच काही परत आलं नाही, बोलणं अजून कमीच आहे, मित्र जमवत नाही, ते आजाराचं आहे असं त्या सांगतात. पण त्यातलं आजाराचं किती, औषधाचं किती आणि उदासीचं किती, हे वेगवेगळं काढलं नसतं तर आम्ही एका नावाखाली त्याला अजून गोळ्या चारत बसलो असतो.

वेळेचाही प्रश्न आहे. आयसीडीत लक्षणं किमान महिनाभर असावी लागतात, अमेरिकन निकषात एकूण सहा महिने त्रासाच्या खुणा असाव्या लागतात. भावाला तसे झाले होते, पण मी अशी पोरंही बघितलीत ज्यांना एकदम झटका आला, दोनतीन आठवड्यांत उतरला आणि परत आलाच नाही. याला तीव्र अल्पकालीन सायकोसिस म्हणतात आणि आपल्याकडं तो बऱ्यापैकी दिसतो. काहींना गांजामुळं होतं. काही वेळा थायरॉइड, फिट्स किंवा मेंदूची सूज असते, आणि रक्ताच्या तपासण्या किंवा एमआरआय करतात ते हे सगळं वगळायला, स्किझोफ्रेनिया दाखवणारी तपासणी आजपर्यंत कुठंही नाही. म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांत कायमचं नाव लिहिणं मला पटत नाही. १९७० च्या आसपास न्यूयॉर्क आणि लंडनच्या पेशंटची तुलना केली होती, न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनिया कितीतरी जास्त लिहायचे, आणि दोन्हीकडच्या पेशंटना एकच प्रश्नावली, एकच निकष लावले तेव्हा तो फरक जवळजवळ गायब झाला. पेशंट वेगळे नव्हते, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या.

यावर कुणी म्हणेल की सरकारी ओपीडीत शंभरची रांग असते, डॉक्टर सहा मोजमापं कुठं लिहीत बसणार. खरं आहे, मी ती रांग धरलीय, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही आणि घाट उतरून रत्नागिरीलाही, कारण सरकारची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आणि आमच्या जिल्ह्यात एकही नाही. त्या डॉक्टरांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण रांग आहे म्हणूनच तर चार ओळी लिहिलेल्या हव्यात. पुढच्या वेळी खुर्चीत दुसरा डॉक्टर असतो, रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, बदललेला असतो, आणि घरच्यांच्या हातात कागदाशिवाय काही नसतं. जे लिहिलेलं नाही ते प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं आणि आई सांगताना रडते, मग महत्त्वाचं राहून जातं.

दुसरीकडं काही जण म्हणतात स्किझोफ्रेनिया हे नावच टाकून द्या. नेदरलँड्सचे डॉक्टर जिम व्हान ऑस यांनी तसं उघड मांडलंय, सायकोसिसचा एक मोठा पट्टा माना आणि त्यातल्या प्रत्येकाचं वेगळं वर्णन करा. वर्णनाबद्दल मी त्यांच्या बाजूचा आहे, नाव टाकण्याबद्दल नाही. नाव नसेल तर आपल्याकडं ती जागा रिकामी राहत नाही, तिथं 'बाहेरचं' येतं, 'करणी' येते, 'लग्न लावा म्हणजे सुधारेल' येतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, औषधं, विमा, सगळं नावावर मिळतं. आणि त्या बाईंनी माझ्या भावाला तोंडावर सांगितलं की याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, तेव्हा तो हादरला नाही, त्यानं विचारलं, "म्हंजे अजून कुणाला होतंय हे?" जगात अजून माणसं आहेत ज्यांना हे होतं, एवढं कळणं त्याला लाखमोलाचं वाटलं. जपानमध्ये २००२ साली जुनं, 'मन फाटल्याचा आजार' अशा अर्थाचं नाव बदलून सौम्य नाव घेतलं, त्याआधी साधारण एकतृतीयांश पेशंटनाच डॉक्टर निदान सांगत, दोनतीन वर्षांत ते दोनतृतीयांशावर गेलं. म्हणजे अडचण पेशंटच्या सोसण्याची नव्हती, डॉक्टरांच्याच जिभेवर तो शब्द येत नव्हता. आपल्याकडं अजूनही घरच्यांना बाहेर बोलावून हळूच सांगतात आणि पेशंटला म्हणतात टेन्शन आहे, झोपेच्या गोळ्या आहेत. मग त्यानं एक दिवस गोळ्या सोडल्या की सगळे त्याच्यावर चिडतात.

नाव एकदा कागदावर आलं की ते दवाखान्यात थांबत नाही हेही बघा. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत मानसिक विकाराची व्याख्या आहे, १९७६ च्या दुरुस्तीनं आलेली, आणि तिच्यात स्किझोफ्रेनिया हा शब्द नाव घेऊन घातलाय. सर्वोच्च न्यायालयानं मात्र १९८८ मध्ये स्पष्ट सांगितलं की नुसतं नाव पुरत नाही, आजार कोणत्या पातळीचा आहे, जोडीदारासोबत राहणं अशक्य होण्याइतका आहे का, हे सिद्ध व्हावं लागतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही म्हणतो की पूर्वी कधी उपचार घेतले, भरती झाला, एवढ्यावरून माणूस आज आजारी ठरत नाही. अपंगत्व ठरवताना जी 'आयडियाज' मोजपट्टी लावतात तीही नाव विचारून थांबत नाही, स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींत किती अडतंय ते मोजते. म्हणजे कोर्टाला कळलं, कायद्याला कळलं की पातळी बघायची असते. पण माझ्या बहिणीचं स्थळ मोडलं ते भावाच्या लाल पेनच्या एका शब्दावर. तो महिनोन्महिने ठणठणीत असताना. पाहुण्यांना मी काय दाखवणार होतो, 'सध्या लक्षणं पूर्ण शमलेली' असं लिहिलेला एक कागद जरी असता तरी पुढं केला असता.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. निदानापुढं तारीख असावी आणि ते दरवर्षी परत तपासलं जावं. खाली मराठीत चार ओळी असाव्यात, काय होतंय, किती, कामावर-झोपेवर-जेवणावर काय परिणाम, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. खात्री नसेल तर खात्री नाही असं लिहावं, त्यात डॉक्टरचा कमीपणा नाही, आमच्या फाइलीतला सगळ्यांत प्रामाणिक कागद तो प्रश्नचिन्हवालाच होता. आणि तो कागद पेशंटला वाचून दाखवावा, कारण आत काय चाललंय ते फक्त त्यालाच माहीत असतं.

त्या बाई आता असंच लिहितात. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांनी लिहून भावासमोर धरलं. आवाज आठवड्यातून एकदोनदा, दुर्लक्ष करता येतं. हात मोकळा. झोप सात तास. बोलणं कमी, पण विचारलं तर उत्तर देतो. मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात रोज चार तास बसतो. त्यानं बोट ठेवून ठेवून सगळं वाचलं, शेवटच्या ओळीवर थांबला आणि म्हणाला, "चार न्हाई मॅडम, पाच. शनिवारी सहा." त्यांनी चार खोडून पाच केलं आणि बाजूला सही केली.